पाटीला हात

"हरेश्वर, तुझ्या गावची कोळीण आहे रे कादंबरीत," अनुपमा म्हणाली. "पुतळी नाव. भुवईत खाच असलेली. काय लिहिलीय माहितीय!" एवढं बोलून तिनं कप खिडकीत ठेवला आणि तालमीसाठी बाक सरकवायला गेली. मी तिथंच उभा. अंधेरीच्या एका शाळेतला वर्ग, रविवारची सकाळ, फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं प्रमेय आणि माझ्या हातातलं बिस्किट चहात विरघळून तळाशी गेलेलं. माझ्या आईचं नाव पुतळाबाई. वेसाव्याहून डोक्यावर पाटी घेऊन पंचवीस वर्षं तिनं अंधेरीत दारोदार मासळी विकली आणि तिच्या उजव्या भुवईत खाच आहे. लहानपणी होडीच्या कडेवर आपटून पडलेली. अंधेरीतली गिऱ्हाइकं तिला पुतळीच म्हणत. अनुपमाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तालमीच्या जागी मी म्हणजे टेलिफोन खात्यातला हरेश्वर, भाषा स्वच्छ, पाठांतर पक्कं. वेसाव्याचा, हे कधीतरी बोलण्यात आलं असेल. पण पाटीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी कुणाला पोचू दिलं नव्हतं.

दूरदर्शनसाठी तेरा भागांची मालिका होती. कादंबरी पंचवीस वर्षांपूर्वीची, गाजलेली; अंधेरीतल्या एका शाळामास्तराची, त्याच्या संसाराची आणि बायको गेल्यावर उरलेल्या त्याच्या एकटेपणाची. लेखक आता हयात नव्हते. मास्तर मी होतो. राज्य नाट्यस्पर्धेत वीस वर्षं मी हवालदार, वकील, दुसरा गावकरी असली कामं केली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी मला मधोमध उभं केलं. तो कुणीतरी म्हणजे बाळ सबनीस, स्पर्धेच्या दिवसांपासूनचा माझा दोस्त, आता दिग्दर्शक. पहिल्याच दिवशी बाळनं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "कादंबरी कोणीही वाचायची नाही. ज्यानं वाचली असेल त्यानं विसरायची. कादंबरी वाचलेला नट सीनमध्ये उभा राहत नाही, परीक्षेला बसतो. मास्तरला माहीत आहे का, नवव्या भागात आपली बायको मरणार आहे ते? मग तुला कशाला माहीत पाहिजे? वाचताना कोणी सापडला तर तेराही भाग त्याला घरी बसून बघावे लागतील." मला ते पटलं. आमच्या तक्रार विभागात फोन येतो, माणूस सांगतो लाइन बंद आहे. त्याचं मागचंपुढचं काही ठाऊक नसतं, तरी त्याच्या आवाजावरनं मी त्याचं घर ओळखतो. नटानं तेवढंच करावं. अनुपमा मास्तराच्या बायकोचं काम करत होती आणि तिनं कादंबरीला खाकी कव्हर घालून त्यावर 'गृहविज्ञान' असं लिहून ठेवलं होतं. त्याचा परिणाम असा की दुसऱ्या भागात पोळ्या लाटताना तिच्या डोळ्यांत नवव्या भागातलं मरण दिसायचं. बाळ डोक्याला हात लावायचा. "बाई, अजून तुम्ही ठणठणीत आहात हो!"

पण बाळचा नियम मी पाळत होतो त्याचं दुसरंही एक कारण होतं आणि ते मी कमळलाही कधी सांगितलं नव्हतं. कमळ माझी बायको. मला कादंबऱ्यांची भीती वाटते. शाळेत असताना दोन वाचल्या, दोन्हींत आमच्यासारखी माणसं मागच्या दारानं आली, चार वाक्यं बोलीत बोलली, वास सोडला आणि गेली. त्यानंतर मी नाटकंच वाचली, कारण नाटकात निदान पात्रांची यादी पहिल्या पानावर असते, आपण कुठं आहोत ते आधीच कळतं. आता आई एका कादंबरीत होती. पंचवीस वर्षं लोकांच्या कपाटात होती, लोक तिच्यावर पेन्सिलीनं खुणा करत होते आणि मला पत्ता नव्हता. 'काय लिहिलीय' असं अनुपमा म्हणाली ते कौतुकानं म्हणाली हे मला समजत होतं. पण कौतुक करणारी माणसं काय काय लिहितात ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी तालमीत मी तीन वेळा वाक्य विसरलो. बाळनं विचारलं, "काय रे, बरं नाही का?" मी म्हटलं, "पोट." मास्तराच्या घरी कोळीण येते तो प्रसंग नऊ दिवसांनी बोरिवलीच्या बंगल्यात घ्यायचा होता. पटकथेत त्याच्या तीन ओळी होत्या. कोळीण दारात येते. मास्तर पाटीला हात लावतात. तोंड फिरवून रडतात.

ज्यांच्या दारात कधी कोळीण आली नाही त्यांना हे सांगायला हवं की भरलेली पाटी एकट्या बाईला उतरवता येत नाही. डोक्यावरच्या कापडी चुंबळीवर बसलेलं ते ओझं, वरून बर्फाचं पाणी गळत असतं. दारात उभं राहून ती हाक देते, "बाय, जरा हात लावा." घरातली बाई येते, समोरून पाटीची कड धरते, दोघी एकाच वेळी गुडघ्यांत वाकतात. मग मासे, मग घासाघीस, मग परत हात लावून पाटी चढवणं. काही घरं मासे घेत, पण हात लावत नसत. आमच्या घरी हे काम माझं. दुपारी आई परतली की मी अंगणात धावत जायचो. सात वर्षांचा होतो तेव्हा स्टुलावर उभा राहायचो. पाटी अर्धीच असायची, तरी कडेतनं तिचा सगळा भार माझ्या बोटांत उतरायचा, मिशरीचा वास असलेला तिचा श्वास माझ्या तोंडावर यायचा, खारट पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत जायचं. त्या वेळी बोलायचं नाही हा आईचा दंडक. हसायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही, फक्त एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, कारण समोरचा कधी वाकणार ते डोळ्यांत आधी कळतं. दिवसभर जिच्याशी माझी गाठ पडत नसे ती बाई त्या दोन क्षणांत मला पूर्ण मिळायची. मग पाटी जमिनीला टेकायची आणि ती माझ्या थोरल्या भावाला शिव्या द्यायला मोकळी व्हायची. अकरावीला गेलो तेव्हापासून मी दुपारी घरी यायचं टाळायला लागलो. शर्टाला वास लागायचा.

चौथ्या दिवशी मी जोगेश्वरीच्या वाचनालयातून कादंबरी आणली. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "टीव्हीवर येणारेय म्हणे," आणि मी चोरासारखा पिशवीत कोंबली. कमळला ती भाजीत सापडली. "आता गं बाई! मास्तर झालास म्हणून पुस्तकं? बाळला कळलं तर वाट लागेल हां तुझी." मी म्हटलं, गप्प बस. घाटकोपरला ऑफिसच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या सुटीत, डब्याआड धरून मी वाचायला बसलो. पहिल्या पानापासून नाही. थेट पुतळी शोधत. एकशे चौऱ्याऐंशीव्या पानावर ती दारात उभी होती. लाल लुगड्याची चुंबळ, भुवईतली खाच, उन्हानं आक्रसलेले डोळे, बोलताना मान न हलवता नुसत्या हातानं बोलायची सवय. आईच होती. डोक्यावर ओझं असलेली बाई मान हलवत नाही हे त्या माणसानं पाहिलं होतं! माझे डोळे भरून आले, मी डब्यातली चवळी तशीच ठेवली. इतका आनंद मला कधी झाला असेल असं वाटत नाही. कुणीतरी तिला इतकं नीट पाहिलं होतं, माझ्याहून नीट. आणि पुढच्याच परिच्छेदात होतं:

'पुतळीने हाक दिली. घरात ती हाक ऐकणारी आता कुणी उरली नव्हती. मास्तर उठले. जन्मभर जिच्याकडे त्यांनी पाहिलेही नव्हते त्या पाटीला त्यांनी दोन्ही हात लावले. आणि वासाने नव्हे, दुःखाने, त्यांनी तोंड फिरवले.'

मी ते पाच वेळा वाचलं. आनंद कुठं गेला कळलं नाही. तोंड फिरवून पाटी उतरवता येत नाही. फिरवलंस तर खांदा फिरतो, कड सुटते, वीस किलो मासळी आणि बर्फ बाईच्या छातीवर येतो. लिहिणाऱ्यानं आयुष्यात पाटीला हात लावला नव्हता. चुंबळीचा रंग ठाऊक, खाच ठाऊक, मान ठाऊक. जे सगळं लांबून दिसतं ते ठाऊक. आणि ते 'वासाने नव्हे'! विचारलं होतं कुणी?

शनिवारी हाफ डे होता, मी तडक वेसाव्याला गेलो. आई पडवीत बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांकडे पाठ करून बसली होती. शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. म्हटलं, आये, तू पुस्तकात आहेस. "कोनच्या?" मी दाखवलं. तिनं पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, परत दिलं. "मना वाचून दाखव." मी वाचायला लागलो, तालमीतल्या त्या स्वच्छ आवाजात, आणि दोन वाक्यांनंतर मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. खाचेपाशी ती हसली. मानेपाशी म्हणाली, "बरोबर लिवलाय." शेवटच्या वाक्याला मात्र तिनं पडवी डोक्यावर घेतली. "तोंड फिरवला? आन् पाटी कोनाच्या डोक्यावं टाकली त्यानी? येडा का काय!" मग ती बोटांनी चटईच्या काड्या मोजत राहिली. "त्या घरी पारिजातक व्हता ना रं? दारातच?" कादंबरीत पारिजातक पानोपानी होता. "मग तो मास्तर ठाव हाय मना. त्यानी कवा हात लावला नाय. त्याची बायको यायची, लय चांगली, खाली बसून बोलायची. ती मेली, मी गेली तवा मना ठाव पन नव्हता. हाक मारली, हाक मारली. तो आत बसलेला, दिसत व्हता मना. आला नाय. मग मी ओट्याच्या कडेला टेकून एकटीच उतरवली, मानेत अशी कळ आली! खिडकीत त्याचा पोर बसलेला, बघत." 

पुस्तक लेखकानं आपल्या मास्तर वडिलांना अर्पण केलं होतं. खिडकीतला पोर म्हणजे लेखक, हे आईला सांगायला मला थोडा वेळ लागला. ती म्हणाली, "आसंल."

ती रविवार-सोमवारची तगमग मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. बाळ बरोबर होता असं मला वाटायला लागलं. न वाचता मी सुखात होतो. तीन ओळी होत्या, केल्या असत्या. आता मला एकाच जागी तीन मास्तर दिसत होते. एक पटकथेतला, रडणारा. एक कादंबरीतला, उपकार केल्यासारखा उठणारा. आणि एक खरा, आत बसून राहिलेला. खऱ्याचा मला संताप येत होता. पारिजातकामागच्या घरात बसून आईच्या हाका मोजणारा हा माणूस, आणि त्याचं काम मी करायचं, त्याच्यासाठी लोकांनी माझ्याबरोबर रडायचं? सोमवारी कोणी गिऱ्हाईक फोनवर ओरडलं तेव्हा मीही ओरडलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी बोलावून विचारलं. तिथंही मी पोट म्हणालो. मनात एकदा आलं, सोडून द्यावी ती मालिका. पण सोडली असती तर बाळनं दुसरा मास्तर आणला असता आणि त्या दुसऱ्यानं तोंड फिरवलं असतं, माझ्या आईसमोर, साऱ्या महाराष्ट्रादेखत. ते मला चालणार नव्हतं.

मंगळवारी बोरिवलीच्या बंगल्यात दिवे लागले. शुभा नावाची दादरची मुलगी पुतळी झाली होती. हुशार, नाकीडोळी नीट, भुवईत काही नाही. तिच्या डोक्यावरच्या पाटीत खाली पेंढा आणि वर चार पापलेटं होती, ती अशी डुलत आली की आईनं चपराक दिली असती. बाळ म्हणाला, "हरेश्वर, कड धरायची, मान खिडकीकडे, गालावर उजेड येईल, तिथं डोळे भरायचे." मी म्हटलं, "बाळ, मी कादंबरी वाचली." अनुपमा छताकडे बघायला लागली. बाळच्या कानांचे शेंडे लाल झाले, वीस वर्षं मला त्यांची ओळख आहे. "कधी?" "मागच्या आठवड्यात." "मग जा घरी," तो म्हणाला. "मस्करी केली नव्हती मी. यार, तू तरी?" मी मास्तराचा कोट काढला नाही. म्हटलं, "जातो. पण कादंबरी चुकलीय आणि तुझी पटकथाही तेच चुकतेय. मला हे वाचल्याशिवाय कळलं नसतं. पाटी भरून दे. एक टेक दे. नाही पटला तर कोट काढून ठेवतो आणि चालत स्टेशनवर जातो." "चुकलीय म्हणजे?" "मी कोळ्याचा आहे. पुतळी माझी आई." हे मी सबंध युनिटसमोर बोललो. बोलेपर्यंत वाटत होतं जीभ झडेल. झडली नाही. उलट मला चक्क भूक लागली.

बाळनं ओरडून बोरिवलीच्या बाजारात माणूस पिटाळला. बांगडे, मांदेली, दोन मोठे हलवे, वर बर्फ. बंगल्याच्या मालकीणबाई नाकाला पदर लावून आत गेल्या. मी शुभाला चुंबळ कशी बसवायची ते दाखवलं, पाय किती अंतरावर, मान अजिबात नाही. आम्ही चौघांनी मिळून पाटी तिच्या डोक्यावर ठेवली तेव्हा ती "आई गं" म्हणाली आणि तिचं नाटक तिथंच संपलं. "बोलायचं नाही," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांत बघ. मी वाकलो की वाक." दिवे, शांतता, बाळचा आवाज. मी आतल्या खोलीत बसलो होतो. बाहेरून हाक आली. "बाय, हात लावा." मी उठलो नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज ओझ्यानं चिरकला आणि बसल्या बसल्या मला समजलं की तो माणूस का उठला नाही. पाटीला हात लावायला उठलो तर समोर एक तोंड येणार, वीतभर अंतरावर, ते तोंड विचारणार 'बाय कुठं?', आणि बाय नाही हे त्याला पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत बघून कबूल करावं लागणार. त्याला वासाची भीती नव्हती. पोरानं खिडकीतून बाप पाहिला, मोठेपणी त्याला कागदावर उठवला, दारापर्यंत आणला, पण शेवटी त्याचं तोंड फिरवलं. इतकी वर्षं लिहून तेवढं वीतभर अंतर त्याला जमलं नव्हतं. मी उठलो. दारात गेलो. समोरून कड धरली. बोटांत तो भार उतरला आणि माझं सगळं अंग त्याला ओळखत होतं. शुभाच्या कपाळावरून बर्फाचं पाणी वाहत होतं, डोळे भेदरलेले, फक्त माझ्यावर. मी बघितलं. नुसतं बघितलं. तिला माझ्यात काय दिसलं कोण जाणे, तिचा ओठ थरथरला, आणि आम्ही दोघं एकाच क्षणी वाकलो. खारट पाणी कोटाच्या बाहीत शिरलं, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. पाटी जमिनीला टेकली तरी मी कड सोडली नाही. मी रडलो की नाही मला आठवत नाही. 

बाळ 'कट' म्हणायला विसरला. मग म्हणाला आणि मॉनिटरसमोरून उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा नाक लाल होतं. "कोट काढू नकोस," त्यानं सांगितलं. आणि जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "त्या पुस्तकात अजून कुठं कुठं चुकलंय ते आज बसून मला दाखव." अनुपमानं पिशवीतून गृहविज्ञान काढून टेबलावर ठेवलं. सगळे हसले, बाळसुद्धा. त्या दिवशी मी बांगड्यांची पिशवी घेऊन, ओला कोट अंगावर तसाच ठेवून, घरी गेलो. कमळ म्हणाली, "शी, काय वास येतोय!" मी म्हटलं, येऊ दे. झकास येतोय.

दोन महिन्यांनी, शनिवारी संध्याकाळी, तो भाग लागला. वेसाव्याला अनंताच्या, माझ्या थोरल्या भावाच्या घरी टीव्ही. खोलीत आळीतल्या वीस-पंचवीस बायका, पायरीवर पुरुष, आई मधोमध खुर्चीवर. मी दाराला टेकून उभा. पहिली हाक आली आणि मास्तर उठला नाही तसा बायकांत चुळबुळ सुरू झाली. "ऊठ की रं मेल्या!" कुणीतरी ओरडलं. दुसरी हाक. तिसरी. मास्तर उठला, तशा सगळ्या पुढे सरकल्या. मी कड धरली आणि त्या खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात आपोआप वर आले, बोटं वळली. "वाक! आता वाक!" "गुडघं, गुडघं!" पाटी खाली आली. टेकली. पंचवीस जणींनी एकदम श्वास सोडला, आणि मग जो गलका उठला तो मी कुठल्याही नाट्यगृहात ऐकलेला नाही. कुणी माझ्या पाठीत धपाटे घालत होतं. मी हसत होतो आणि गाल ओले होते, पुसायचं भान नव्हतं. शेजारची सखुबाई, तीही अंधेरीत फिरलेली, आईकडे वळली. "पुतळे, तो मास्तर खरंच असा व्हता काय गो?"

बायकांनी माना वळवल्या. मी आईकडे बघत राहिलो. ती अजून पडद्याकडे बघत होती, तिथं आता जाहिरात चालू होती.

"असाच व्हता," आई म्हणाली. "रोज उठून यायचा. दोनी हातांनी उतरवायचा."